चितारी आणि फळी घेऊन आलेली म्हातारी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा खारी बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकतही असत, निदान ऐकल्यासारखं तरी करत. लहानांनी ती मन लावून ऐकावी. मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये, कारण ही गोष्ट जास्त त्यांचीच आहे.

एका राज्यात, नदीच्या उताराजवळ, एक चितारी राहत होता. चितारी म्हणजे चित्रं काढून देणारा. सांगाल ते तो काढून देई. दारावर हत्ती हवेत, तर हत्ती. लग्नाच्या पाटावर मोर हवेत, तर मोर. घरातलं गेलेलं माणूस चित्रात हवं असेल, तर सांगणाऱ्यानं समोर बसून सांगावं आणि यानं काढावं. नाक जरा बसकं कर, हनुवटी थोडी वर घे, असं करत करत ते माणूस फळीवर उतरत असे. हात चांगला होता त्याचा. घर मात्र भर रस्त्याला होतं, आणि तिथंच सगळी गोम होती.

रस्त्यानं जाणारा-येणारा थांबे आणि विचारी. घोड्याला पाणी पाजेपर्यंत विचारी, चपलेतला खडा काढेपर्यंत विचारी. हत्ती जमतील का, मोर किती घेशील, पिवळा उन्हात उडतो का, अमक्याच्या घरी केलंस तसंच पण त्याहून बरं होईल का. सगळं विचारून झालं की म्हणे, "बरं, निरोप धाडतो." आणि जाई. गेला तो गेलाच.

आता हे लोक काही वाईट नव्हते. त्या मुलखात एक समजूत होती. जिथं शुभकार्याचे रंग वाटले जातात त्या अंगणात 'नाही' हा शब्द काढायचा नाही, अपशकुन होतो म्हणे. त्यामुळे चित्र नको असलं, घरच्यांचं मन फिरलं, दुसरा चितारी स्वस्त मिळाला, तरी तसं तोंडावर कुणी बोलत नसे. निरोप धाडतो म्हणायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि सुटायचं. अपशकुन टळायचा आणि चितारी वाट बघत बसायचा.

बरं, यानं तरी शहाण्यासारखं वागावं की नाही? रंगाचं कसं असतं, नीट वाटून कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. एकदा डिंकाचं पाणी घातलं की मग त्याला थांबता येत नाही. आंबतो, वर बुरशी धरते, वास सुटतो. म्हणून जाणता चितारी डिंक सगळ्यात शेवटी घालतो. आमचा हा पठ्ठ्या मात्र कुणी नुसतं विचारलं की त्याच संध्याकाळी डिंक भिजत घाली. निरोप आला आणि आपली तयारी नसली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती.

एका गावच्या पाटलानं दारावरच्या हत्तींचा नमुना मागितला. यानं काढून धाडला. सुळे लांब हवेत, असं उलट आलं. लांब केले. सोंड वर हवी, असं आलं. वर केली. मग काहीच आलं नाही. पुढच्या हंगामात तो त्या गावावरून गेला, तेव्हा पाटलाच्या दाराला साधं तेलपाणी केलेलं होतं. एका नवऱ्यामुलाचा मामा पाटांवरच्या मोरांचं ठरवून गेला, पिसाऱ्यात हिरवा किती आणि मोरपंखी किती इथपर्यंत. मग एके दिवशी चिताऱ्याच्या घरासमोरूनच वरात गेली. मामा सगळ्यात पुढे नाचत होता, आणि घराजवळ येताच त्यानं मान दुसरीकडे वळवली. चिताऱ्यानं हिरव्याची वाटी उचलली आणि परसात ओतली. अशा इतक्या वाट्या तिथं ओतल्या गेल्या होत्या, की तिथलं गवतही धड कुठल्या रंगाचं राहिलं नव्हतं.

थकला बिचारा. काम करून माणूस थकतो, जेवतो, झोपतो आणि सकाळी पुन्हा उभा राहतो. वाट बघून जो थकवा येतो तो झोपेनं जात नाही. सकाळी उठावं तर तो आधीच उंबऱ्यावर येऊन बसलेला असतो.

त्याच्या अंगणात चिंचेचं झाड होतं आणि झाडावर एक खार राहत होती. तिच्या शेपटीचे गळलेले केस तो कुंचल्याला वापरी, आणि त्याबद्दल तिला रोज मूठभर दाणे घाली. त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता, आणि ती तो पुरेपूर वापरी.

"शेंड्यावर जाऊन बघ गं, रस्त्यानं कुणी येतंय का?" चितारी विचारी.

"धूळ उडतेय," खार सांगे.

"घोडेस्वार आहे?"

"शेळ्या आहेत, चितारीबुवा. त्यांना काही रंगवून घ्यायचं असेल तर विचारते."

तो पुन्हा रंग वाटायला लागे. ती दाणे खाई.

एक दिवस खरोखरच घोडेस्वार आला, आणि तोही साधासुधा नव्हता. तिकडच्या परगण्याचा सरदार स्वतः. घोडा पाणी पीत होता तेवढ्यात त्यानं विचारलं, दिवाणखान्याची अख्खी भिंत गर्द निळी करून त्यावर बगळ्यांची रांग काढता येईल का. चिताऱ्यानं हात जोडून येईल म्हटलं. सरदारानं मिशीवरून हात फिरवला, निरोप धाडतो म्हणाला, आणि घोड्याचं पाणी पिऊन झालं तसा निघून गेला.

चिताऱ्याकडे निळ्या दगडाचा एकच खडा उरला होता. त्याच्या गुरूनं डोंगरांपलीकडून आणलेला. गुरू गेले, ती वाटही बंद झाली, आणि तसा निळा पुन्हा मिळणार नव्हता. आजवर त्यानं तो जपला होता. त्या दिवशी त्यानं तो फोडला, दिवसभर वाटला, आणि संध्याकाळी त्यात डिंक घातला. खार वरून बघत होती. ती काही बोलली नाही, आणि तिचं गप्प बसणं बरं नसतं, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून एक म्हातारी आली. कोष्ट्याची विधवा. डोक्यावर एक फळी होती. आपल्या जुन्या मागाची फळी काढून, घासून गुळगुळीत करून तिनं आणली होती. ती अंगणात टेकली आणि म्हणाली, की तिची एकुलती एक लेक, सगुणा, लग्न होऊन सासरी निघाली आणि वाटेतच तापानं गेली. तिचं चित्र हवं. तिचा बाप गेला, आत्या गेली, तो चेहरा नीट आठवणारी आता या जगात एकटी म्हातारीच उरली होती.

"लवकर काढ, लेकरा," ती म्हणाली. "माझे डोळे विझत चाललेत. तू काढशील ते बघून तीच की नाही, हे सांगण्यापुरतं अजून दिसतंय."

मग ती सांगत बसली. भुवया कशा होत्या, हसताना ओठ कुठे मुडपायचा, नाक बापाचं कसं घेतलं होतं. चितारी मान हलवत होता. पण त्याचा कान रस्त्याकडे होता. हिचं काम धरलं आणि सरदाराचा निरोप आला तर? अर्ध्यात टाकायचं? त्यालाही आपल्या अंगणात 'नाही' म्हणता येईना. तो म्हणाला, "आजी, उद्या ये. उद्या बघू."

म्हातारी दुसऱ्या दिवशी आली. तरीत, म्हणजे नदी ओलांडायच्या होडीत बसून, फळी डोक्यावर घेऊन. तो म्हणाला, उद्या. ती पुन्हा आली. पुन्हा उद्या. ती रागावली नाही, फक्त दर खेपेला अंगणातल्या पायरीजवळ जरा जास्त चाचपडायची. एकदा ती गेल्यावर खार खाली उतरली.

"माझं ऐकशील?" ती म्हणाली. "मी वरून सगळ्यांना बघते. ज्याला नुसतं विचारायचं असतं तो पाणी मागतो. ज्याला करून घ्यायचं असतं तो फळी आणतो. हिनं आल्यापासून पाण्याचा घोटही मागितलेला नाही."

"सरदाराची भिंत झाली की तिचंच घेतो," चितारी म्हणाला. "तू शेंड्यावर जा. रस्ता बघ."

खार गेली. काय करणार?

पुढे म्हातारी यायची थांबली. चिताऱ्याला ते कळलंही नाही, कारण त्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि ती यायची नदीकडून. निळ्यावर पातळ साय धरली, मग बुरशी. शेवटी त्याला राहवेना. तो उठला आणि चालत चालत सरदाराच्या वाड्यावर गेला. दिवाणखान्याच्या भिंतीला ताजी सफेदी केलेली होती. सरदार झोपाळ्यावर बसून पान लावत होता. त्यानं चिताऱ्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि अगदी मनापासून विचारलं, "कसला निळा?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. घोडा पाणी पीत होता तेवढा वेळ घालवायला माणूस काहीतरी बोलतो, तसं तो बोलला होता.

चितारी परत निघाला. वाटभर त्याच्या मनात सरदाराविषयी एकेक शिवी येत होती. उत्तर द्यायला काय जातं लोकांचं, नको तर नको म्हणावं, माणसाला असं लोंबकळत ठेवणारा माणूस कसला, असं तो पुटपुटत होता. उताराशी आला आणि तिथं तरीवाला प्रवासी उतरवत होता. ते पाहून चिताऱ्याची शिवी तोंडातच राहिली. त्याला म्हातारी आठवली. मग आपण मनात कुणाला शिव्या देत होतो ते त्याला कळलं.

घरी आला. निळ्यावरची बुरशी काढली. तो रंग पाण्यानं धुतला, खाली बसू दिला, वरचं पाणी ओतलं, पुन्हा धुतला. निम्मा वाहून गेला. उरलेला घेऊन, खारीला खांद्यावर बसवून, तो नदी ओलांडून म्हातारीच्या दारात गेला. फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. म्हातारी चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली, पण जिकडून आवाज आला तिकडे, त्याच्याकडे नव्हे.

"आजी, मी चितारी."

"आलास का," ती म्हणाली. "मी त्या दिवशी सगळं सांगितलं होतं, आठवतंय ना तुला?"

त्यानं आठवून पाहिलं. साधी भुवईही आठवेना. त्यानं खारीकडे पाहिलं. खार हळू म्हणाली, "मी शेंड्यावर होते. तूच बसवलं होतंस."

मग म्हातारीनं पुन्हा सगळं सांगितलं, आणि त्यानं काढलं. रंग सुकल्यावर तिनं फळी मांडीवर घेतली. तिची बोटं त्या चेहऱ्यावरून फिरली, पुन्हा पुन्हा फिरली, आणि थांबली.

"चेहरा आहे खरा," ती म्हणाली. "माझ्याच सगुणेचा आहे का, ते आता कोण सांगणार?"

चिताऱ्यानं फळी तिच्या मांडीवरून घेतली. त्यानं ओल्या फडक्यानं तो चेहरा पुसून टाकला. परक्या पोरीचं तोंड त्या घरात ठेववेना त्याला. तो रडला, आणि रडताना त्यानं आवाज होऊ दिला नाही, म्हणून म्हातारीला वाटलं तो विचार करतोय.

मग तीच म्हणाली, "लेकरा, सासरी निघालेल्या मुलीनं मागं वळून बघायचं नसतं. ती तरीत बसली आणि नाही वळली. मी शेवटची बघितली ती तशी. तू तशीच काढ तिला. पाठमोरी."

त्यानं काढली. तरीत उभी असलेली एक मुलगी, पाठमोरी, पाठीवर वेणी आणि अंगावर निळं लुगडं. धुऊन उरलेला निळा जेमतेम लुगड्याला पुरला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, असं पुढे लोक म्हणत. त्याला मात्र त्या चित्राचं कौतुक ऐकवत नसे.

त्यानंतर त्यानं अंगणातली रीत बदलली. कुणी विचारलं तर तो आदरानं उत्तर देई, पाणी देई आणि ते तिथंच विसरून जाई. नको असेल तर सरळ नाही म्हणा, असं स्वतःच सांगे. अपशकुनाची भीती घालणाऱ्यांना म्हणे, झाला तेवढा अपशकुन पुरे. डिंक तो तेव्हाच भिजवी, जेव्हा कुणी आपली फळी घेऊन अंगणात येई. आणि अशा माणसाला त्यानं पुन्हा कधी 'उद्या ये' म्हटलं नाही.

विचारून जाणारे तरीही विचारून जातच राहिले, त्यांना कोण बदलणार? खारीला मात्र शेंड्यावर चढायचे कष्ट उरले नाहीत, आणि ती म्हातारपणी बरीच जाडी झाली.

तात्पर्य: जो निरोप धाडतो म्हणून गेला त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसताना, आपल्या दारात उभ्या असलेल्याला ताटकळत ठेवू नये.