हार्लनने सोडलेले चार मैल

अमेरिकेतल्या एका तळ्याकाठच्या गावात मोटारींचा एक कारखाना होता. तिथे हार्लन नावाचा एक इंजिनीयर होता. माणूस मोठा हुशार, पण वेगापुढे त्याला दुसरं काही सुचायचं नाही. सहा वर्षं घाम गाळून त्याने एक स्पोर्ट्‌स कार बनवली. चाचणीत काटा ताशी दोनशे मैलांना टेकला, तेव्हा हार्लनची छाती अशी फुगली की विचारू नका! मालकांनी पुढच्याच आठवड्यात गाडी लोकांसमोर आणायचं ठरवलं.

आता त्या कारखान्याला एक खोड होती. चाचणीच्या वेळी टाकीत जेमतेम पेट्रोल भरायचे आणि ड्रायव्हरला एकट्यालाच बसवायचे. गाडी हलकी राहिली की आकडा मोठा येतो ना! ब्रेकची तपासणीही तशीच उरकायचे.

ब्रेकचं काम बघणारी लोरेटा म्हणाली, "गिऱ्हाईक काय रिकाम्या टाकीने, बायकोला घरी ठेवून फिरणार आहे? टाकी भरा, आणि माझ्या शेजारी तुम्ही बसा."

"बसतो की! माझीच गाडी आहे," हार्लन तोऱ्यात म्हणाला.

लोरेटाने गाडी भरधाव सोडली आणि ब्रेक दाबला. पहिल्यांदा गाडी नीट थांबली. दुसऱ्यांदा जरा पुढे सरकली. तिसऱ्यांदा ब्रेक तापून लाल झाले आणि गाडी थांबायच्या खुणेची रेघ ओलांडून थेट वाळूत घुसली. दोघांना खरचटलंही नाही, पण हार्लनच्या तोंडचं पाणी पळालं.

ब्रेक मोठे करायचे, तर गाडी जड होणार आणि मिरवायचा तो आकडा हातचा जाणार. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं, लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"अहवालात काय लिहू?" लोरेटाने विचारलं.

हार्लनने तापून लाल झालेल्या ब्रेककडे पाहिलं. मग म्हणाला, "झालं तेच लिही." आणि तो तडक मालकांकडे गेला.

"साहेब, तीन महिने द्या. ब्रेक कमी पडतात."

"अहो, तोवर दुसऱ्यांची गाडी बाजारात येईल!"

"येऊ द्या. ही गाडी अशी मी कुणाच्या हाती देणार नाही. हवं तर मला काढून टाका."

मालकांनी बरीच आदळआपट केली, पण शेवटी मुदत दिली.

तीन महिन्यांनी मोठे ब्रेक बसले. हार्लनने टाकी काठोकाठ भरली, मालकांना शेजारी बसवलं आणि भरधाव वेगात दहा वेळा ब्रेक दाबला. दहाही वेळा गाडी रेघेच्या अलीकडेच उभी राहिली.

मालकांनी कपाळ पुसलं. "पण काटा एकशे शहाण्णवच्या पुढे गेलाच नाही की हो!"

"नाही गेला, साहेब," हार्लन हसला. "चार मैल गेले, पण आपण दोघं आहोत ना!"

तात्पर्य: वेगाची फुशारकी कुणीही मारील, पण आपल्याच कामातली चूक दिसल्यावर थांबायची हिंमत ज्याच्यात असते, तोच खरा कारागीर.