पहिला खर्डा

चूक अण्णा नानिवडेकरांचीच होती. बसू कोरेला त्याबद्दल काडीचीही शंका नव्हती.

“माझा पहिला खर्डा कुठाय, अण्णा?” चपला न काढताच तो तालमीच्या हॉलमध्ये शिरला.

अण्णा सतरंजीवर बसून धोतरानं चष्मा पुसत होते. वय शहात्तर. इचलकरंजीत नाटक लिहू पाहणारा प्रत्येक पोरगा गेली तीस वर्षं याच सतरंजीवर येऊन बसायचा. अण्णांच्या पाया पडायचा आणि उठताना निम्मा होऊन उठायचा.

“चपला,” अण्णा म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या चपला. पुण्याहून फोन आला.”

“त्या नवोदितांच्या कार्यशाळेचा?”

“हं.”

आठ महिने तिथं राहायचं. जाणत्या माणसांबरोबर बसून नाटक पक्कं करायचं. शेवटी खऱ्या थिएटरात, खऱ्या नटांकडून प्रयोग. जागा दहा, वयाची अट तीस. बसूला पुढच्या महिन्यात एकतिसावं लागणार होतं. दाखवायला त्याच्याकडं या एका नाटकाशिवाय काही नव्हतं. कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सुटलेलं, तेही अण्णांच्या सांगण्यावरून. डिग्रीनं नाटक येत नाही रे, असं ते म्हणायचे. त्यांची स्वतःची मुलगी एम. ए. होती.

“घेतलं?”

“न्हाई. म्हणाले, लिखाण एकदम सफाईदार आहे. फक्त आई खोटी वाटते.”

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“मी सांगितलं, पहिला खर्डा असा नव्हता. तर तिथल्या बाई म्हणाल्या, मग तो पाठवा. एक जागा अजून रिकामी आहे. परवापर्यंत.”

“बस.”

“बसायला आलो न्हाई मी.”

नाटक बसूच्या आईचं होतं. ती लूमवाल्यांकडं कांड्या भरायला जायची, दिवसभर सूत गुंडाळायची. नवरा कामाला म्हणून भिवंडीला गेला आणि परत आलाच नाही. पहिला खर्डा बसूनं तिच्या शेजारी बसून, तिला बोलतं ठेवून लिहिला होता. त्याला सहा वर्षं झाली. ती जाऊन चार.

तिला सरळ बोलताच यायचं नाही. नवऱ्याचं विचारलं तर ती शेजारणीच्या शेळीपासून सुरुवात करायची. मधेच नळाचं पाणी यायचं, रेशनवाल्याला शिव्या बसायच्या, आणि नवरा कुठंतरी शेवटी, हळूच, चुकून आल्यासारखा यायचा.

अण्णांना शेळी चालायची नाही. ते डोळे मिटून वाचन ऐकायचे आणि म्हणायचे, “काप.” बसू कापायचा आणि तिथं अण्णा सांगतील तसं नेटकं वाक्य घालायचा. असे नऊ खर्डे झाले.

“कुठाय?” बसूनं पुन्हा विचारलं. “तुमच्याच हातात दिलेला.”

“तुला नियम ठाऊक आहे.”

ठाऊक होता. नवा खर्डा वाचून झाला की जुना बादलीत जायचा. कागद भिजवायचे, मेथी घालून कुटायचे आणि त्या लगद्याचं नाटकाला लागणारं सामान करायचं. मुकुट, गदा, देवाच्या मूर्ती. नवशिक्यानं जुन्यात जीव अडकवू नये, म्हणून अण्णांनीच घालून दिलेली ही शिस्त. पोरं कौतुकानं सांगायची, की आमच्या अण्णांकडं काही वाया जात नाही.

“एखादा तरी ठेवला असंल तुम्ही.”

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. फळीवरून एक घागर काढली. तांब्याच्या रंगाची, लांबून अगदी खरी वाटणारी.

“हा घे.”

बसूनं ती हातात घेतली. वजनच नव्हतं. त्यानं नखानं रंग खरवडला. मग गुडघ्यावर आपटून ती फोडलीच.

आत सगळं राखाडी. एक अक्षरसुद्धा नाही.

सामानाला ओरखडा पडला तर पोराला आठ दिवस हॉलबाहेर ठेवणारे अण्णा वाकून तुकडे गोळा करू लागले.

“सहा वर्षं, अण्णा... सहा वर्षं तुम्ही म्हणाल तसं केलं.”

“हो.”

“एकदा तरी म्हणायचं होतंत, ऱ्हाऊ दे हे.”

“सुचलं नाही मला.”

अण्णांनी कोरे कागद आणि पेन त्याच्यासमोर सरकवलं. “परत लिही. दोन दिवस आहेत. तुझीच आई, तुझंच घर. मी डोळे मिटत नाही, आणि काप म्हणणार नाही.”

बसू बसला. राग होता, पण जागाही होती, आणि परवापर्यंतच होती.

“बाप गेला त्या आठवड्यातलं घे,” अण्णा म्हणाले. “तू विचारलंस, बाबा कधी येणार. ती काय म्हणाली?”

“म्हणाली... गेलेला माणूस रस्ता विसरत नाही, बसू. घर विसरतो.”

“हे नवव्या खर्ड्यातलं. पहिल्यात काय होतं?”

“पहिल्यात... नळाचं कायतरी होतं. न्हाई, आधी शेळी. शेळीच.”

“मग शेळीपासून धर.”

बसूनं डोळे मिटले. तिचे हात दिसले, चाकावर फिरणारं सूत दिसलं. ओठ हलत होते.

“शेळी...” तो म्हणाला. “शेळीसुद्धा संध्याकाळी आपलं दावं ओळखते, बसू. माणूस...”

तो थांबला.

पेन त्यानं कागदावर टेकवलंच नव्हतं.

“असं न्हाई बोलायची ती,” तो स्वतःशीच म्हणाला. “थांबा जरा. ती म्हणाली... त्या शेळीनं म्हणं...”

खिडकीबाहेर लूम खडखडत होते.

“आवाज येतोय तिचा, अण्णा. नुसता आवाज. बोलणंच...”

बसूनं पेन खाली ठेवलं.

“हे काय झालं, अण्णा?” आता त्याच्या विचारण्यात भांडण उरलं नव्हतं.

अण्णांनी कोरे कागद उचलले, नीट जुळवले, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाले,

“तुझी आई आता माझ्यासारखी बोलते.”