बिनतुऱ्याचा सारथी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा घोडे बोलायचे आणि राजेलोक कधीमधी त्यांचं ऐकायचेसुद्धा.

एका राज्यात रथांच्या शर्यतीचं भारी वेड होतं. दर चैत्रात देवीची जत्रा भरायची आणि गावच्या वेशीपासून नदीपलीकडच्या देवळापर्यंत रथ धावायचे. राजाची एक पागा, सरदारांच्या पागा वेगळ्या. प्रत्येक पागेचे दोन रथ आणि दोन सारथी.

आता इथली रीत नीट ऐका, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. राजाचे घोडे सरदारांच्या घोड्यांपेक्षा तगडे असायचेच. मग सारथ्यांची पारख कशी करायची? म्हणून जुन्या जाणत्यांनी ठरवून दिलं होतं, की तुरा पागेपागेत द्यायचा. एकाच पागेतल्या दोघांत जो पुढे येईल, त्याच्या पागोट्यात केशरी तुरा खोवायचा. घोडे सारखे, रथ सारखे, म्हणजे फरक पडला तर तो हाकणाऱ्याच्या हाताचाच. रीत शहाणपणाची होती. पण पुढच्या लोकांनी काय केलं? सगळ्या पागांचे तुरे एकत्र मोजायला घेतले! ज्याच्याकडे तुरे जास्त, तो सारथी मोठा. संपला विषय. शेजारच्या रथात कोण बसलं होतं, हे बघायची तसदी कोण घेतो?

राजाच्या पागेत हैबती नावाचा सारथी होता. असा सारथी त्या मुलखानं पाहिला नव्हता. त्याचा जोडीदार सटवाजी. प्रत्येक जत्रेत सटवाजी हैबतीच्या इतका मागोमाग यायचा, की पुढच्या चाकांची धूळ त्याच्या दातांत करकरायची. पण मागे म्हणजे मागेच. एवढी वर्षं झाली, पागोट्यात एक तुरा नाही.

तिकडे डोंगरपट्टीच्या सरदाराकडे लिंबाजी नावाचा सारथी होता. त्याच्या घरी तुऱ्यांची टोपली भरली होती. त्याचा जोडीदार म्हणजे सरदाराचा मेहुणा. हे मेहुणेबुवा रथात बसायचे ते मिरवायला. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की रथ थांबवून ख्यालीखुशाली विचारायचे! अशा माणसाला मागे टाकायचं तर रथ कशाला हवा, पायीसुद्धा जमलं असतं.

पण लोक म्हणायचे, "लिंबाजी म्हणजे वाघ! आणि सटवाजी? राजाच्या पागेचं फुकटचं ओझं."

पारावरची म्हातारी मंडळी तर आणखी पुढे जायची. "अरे, धारोजी असता ना, तर या सटव्याला हातात लगामसुद्धा धरू दिला नसता!" धारोजी हा कधीच देवाघरी गेलेला सारथी. देवळातली आरती संपायच्या आत तो वेशीवरून देवळात पोचायचा म्हणे. आता कुणालाच ते जमत नव्हतं. म्हणून आताचे सगळेच कुचकामी, असा म्हाताऱ्यांचा निवाडा होता.

हे सगळं राजाच्या कानावर जाऊन जाऊन त्याचाही धीर सुटला. त्यानं सटवाजीला बोलावलं.

"सटवाजी, चाबूक खाली ठेव. तुझ्या जागी मी लिंबाजीला आणतोय."

सटवाजीचा चेहरा उतरला. "महाराज, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आलंय. घोड्यांच्या वासाशिवाय मला झोपसुद्धा लागत नाही. मी कमी पडलो म्हणता, पण कुणापुढे कमी पडलो, तेवढं तरी बघा."

हैबती पुढे झाला. "महाराज, याला घालवू नका. हा माझ्या पाठीशी हवा."

राजा हसला. "तुझं मन मोठं आहे, हैबती. पण दयेनं पागा चालत नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातून खिंकाळण्याचा आवाज आला. ती पाखरी होती, पागेतली सगळ्यात म्हातारी घोडी. राजाला लहानपणी पाठीवर घेऊन तिनंच फिरवलं होतं, त्यामुळे ती त्याची भीडभाड ठेवत नसे.

"बाळराजे, टोपल्या मोजून सारथी निवडताय होय? अहो, भाजी घेताय का?"

"पाखरी, तू मध्ये पडू नकोस."

"पडणार! लिंबाजी कुणाच्या पुढे आला? वाटेत पान खायला थांबणाऱ्याच्या. सटवाजी कुणाच्या मागे राहिला? हैबतीच्या, आणि तोही हाताच्या अंतरानं. मला सांगा, यात जड काय?"

राजा गोंधळला, पण माघार घेईना. "मग धारोजीचं काय? तो तर आरतीच्या आत पोचायचा."

"पोचायचा ना! त्याचा रथ मीच ओढलाय. तेव्हा नदी गावाच्या दुसऱ्या अंगानं वाहायची, वाटेत पाणीच नव्हतं. रस्ता सरळ, रथ बांबूचा. आता उतार आहे, वाळू आहे आणि तुमचे हे सागवानी रथ आहेत. धारोजी चांगलाच होता, त्याच्याबद्दल वावगं बोलणार नाही मी. पण आताच्या वाटेवर त्यानं रथ कसा हाकला असता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मग पारावरच्यांना कुठून कळलं? गेलेल्या माणसाला हरवता येत नाही, बाळराजे. म्हणून तर तो सगळ्यांना आवडतो."

राजाला हे पटलं असतं. पण चारचौघांत, एका घोडीनं सांगितलं म्हणून हुकूम फिरवायचा? छे! त्यानं मान वळवली. सटवाजीनं चाबूक ठेवला, प्रत्येक घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तो निघून गेला. पागेतल्या घोड्यांनी त्या दिवशी चंदीला तोंड लावलं नाही.

लिंबाजी वाजतगाजत राजाच्या पागेत आला. इकडे डोंगरपट्टीच्या सरदाराची एक जागा रिकामी झाली होती. त्यानं सटवाजीला ठेवून घेतलं, फार अपेक्षा न ठेवता.

सरावाला सुरुवात झाली आणि लिंबाजीचे डोळे उघडले. तेच घोडे, तसाच रथ, आणि हैबती मात्र क्षणात दिसेनासा व्हायचा! आजवर मेहुण्याला मागे टाकायला लागेल तेवढंच तो हाकत आला होता. त्याच्या पुढचं त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. बिचारा चाबूक मारमारून दमला, पण अंतर काही मिटेना.

गंमत पुढेच आहे. हैबतीही बदलत चालला. आधी तो दर वळणावर मागे कान द्यायचा. आता मागे कुणी नसायचंच. मग घाई कशाची? वळणावर लगाम थोडा सैल, उतारावर चाल थोडी मंद. हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

चैत्र आला. जत्रेला मुंगी शिरायला जागा नव्हती. तुतारी वाजली आणि रथ सुटले.

हैबती पुढे, लिंबाजी कुठल्या कुठे मागे. लोक ओरडत होते, हैबती रमतगमत नदीच्या उताराकडे निघाला होता. आणि एकाएकी त्याला चाकांचा आवाज आला. अगदी ओळखीचा, पाठीमागून, हाताच्या अंतरावरून.

सरदाराचे घोडे अंगानं बारीक होते. पण सटवाजीनं त्यांना पहिल्या पल्ल्यात दमवलं नव्हतं. वाळू कुठे घट्ट आहे, पाणी कुठे उथळ आहे, हे हैबतीच्या मागून जाताना त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं, की डोळे मिटूनही रथ नेला असता. हैबतीनं चाबूक उगारला, पण हाताला जोर लावायची सवय राहिली नव्हती. सटवाजी पाण्यातून आधी बाहेर पडला आणि देवळाच्या पायरीशी आधी पोचला.

मग असा जल्लोष झाला, की देवळावरची पाखरं उडाली. सटवाजी रथातून उतरला आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडला.

राजा लगबगीनं आला. "सटवाजी, माझं चुकलं. परत चल माझ्या पागेत. मागशील ते देतो."

सटवाजीनं डोळे पुसले. "महाराज, या घोड्यांना आत्ता कुठे माझा हात कळायला लागलाय. त्यांना सोडून कसा येऊ?"

राजानं हैबतीकडे पाहिलं. "आणि तू रे? सगळ्यात तगडे घोडे दिले, तरी हरलास?"

हैबतीनं पागोटं काढून हातात घेतलं.

"महाराज, इतकी वर्षं मी घोडे हाकत होतो आणि हा मला हाकत होता. तुम्ही त्याला घालवलंत, त्या दिवशी पागेतले दोन्ही सारथी गेले."

राजा खाली मान घालून चालत परत गेला.

बोध : माणूस किती वेळा हरला हे मोजण्याआधी, तो कुणाशी आणि कुठल्या वाटेवर हरला हे पाहावं.