मागची हवा

साखर कारखान्याचे चेअरमन तात्यासाहेब मोहोळकर यांना थांबायची सवयच नव्हती. त्यांचं चार सीटचं विमान शहराच्या गजबजलेल्या विमानतळाजवळ पोहोचलं, तर टॉवरने घिरट्या घालायला सांगितलं. प्रवाशांनी भरलेलं मोठं विमान आधी उतरणार होतं.

“माझं नाव सांगा त्यांना!” तात्यासाहेब शेजारच्या वैमानिक सुलक्षणावर कडाडले. “मी कुणाच्या मागे थांबत नसतो.”

सुलक्षणाचंही डोकं फिरलं. “साहेब, मोठं विमान गेलं की मागची हवा घुसळून निघते. लहान विमान त्यात सापडलं, तर उलटंपालटं होतं. पुढच्याला त्याचा पत्ताही नसतो. जमिनीवर तुम्ही कायम पुढे, तुम्हाला कसं कळणार? इथे मागचे लहान आपण आहोत.”

तात्यासाहेबांनी मान खिडकीकडे वळवली. बरी जिरली, असं तिला वाटलं.

मग ते हळूच म्हणाले, “धाकटा भाऊ असाच माझ्या मागे राजकारणात आला. पार उलटापालटा झाला. मी वळूनही पाहिलं नाही. आज त्याला खांदा द्यायला चाललोय.”

सुलक्षणाला बोललेलं परत गिळावंसं वाटलं. तेवढ्यात मोठं विमान उतरलं आणि टॉवरने विचारलं, “लगेच उतरताय, की आणखी एक फेरी?”

तिने तात्यासाहेबांकडे पाहिलं.

“फेरी घाला,” ते म्हणाले. “घाई करायची वेळ केव्हाच गेली.”