टिटवीचा माळ आणि रेड्याची पाटी

गुरंढोरंही सभा भरवत, त्या काळची गोष्ट. वेशीबाहेर एकच मोकळा माळ उरला होता. टिटवी तिथे उघड्यावरच अंडी घालायची. माळ वाचवायचा विडा रेड्याने उचलला. आधी कुंपण घातलं, मग कमान, मग माळभर चौथरा, आणि वर पाटी लावली: ‘मोकळी जागा’.

“अहो रेडेदादा, आता अंडी कुठं घालू?” टिटवी किंचाळली. “वीतभर माती ठेवली नाहीत!”

“पाटी वाच, बाई.”

उद्घाटनाला सारी गुरं माळावरच चरू म्हणून उपाशीच आली. गवताची काडी दिसेना.

रेडा गोंधळला. “आता मंडळींना चारू काय?”

“चारा की पाटी!” टिटवी म्हणाली.

गुरं खदाखदा हसली. रेड्याने मान खाली घालून आपल्याच शिंगांनी चौथरा उकरायला घेतला, आणि टिटवी मुकादमासारखी त्याच्या पाठीवर बसली.