हिमालयाचं बी

इनामदारांचा जुनाट खोकला त्रिविक्रमशास्त्री वैद्यांच्या पुडीने थांबला, तेव्हा शास्त्रीबुवांनी बक्षीस मागितलं: पाल्याची औषधं फुकट वाटणारी चांगुणा धनगरीण गावाबाहेर घालवा.

इनामदारांनी तिला सकाळीच बोलावलं. शास्त्रीबुवांनी पुडीतली न कुटलेली वाळकी पानं आणि बी तिच्यापुढे टाकलं.

"ओळख! चुकलीस तर आजच गाव सोडायचं."

चांगुणाने पान पाण्यात भिजवून तळहातावर पसरलं. मग एक बी चिमटीत दाबलं. टोक टोचलं.

"आघाडा हाय ह्यो."

शास्त्रीबुवा खो खो हसले. "अगं, आघाडा बांधावरचं तण! ही हिमालयातली वनस्पती. सहा महिन्यांची वाट तुडवून माणसं आणतात. या मुलखात उगवतच नाही."

इनामदारांनी मान डोलावली. एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल?

चांगुणा शांतपणे म्हणाली, "सरकार, बुवास्नी जरा उठून पाठमोरं हुभं ऱ्हायला सांगा."

इनामदारांनी खूण केली. शास्त्रीबुवा कुरकुरत उठले आणि वळले. पांढऱ्याशुभ्र धोतराच्या मागच्या काठाला बियांची रांग चिकटली होती. चांगुणाने त्यातलं एक बी उपटलं आणि पुडीतल्या बियाशेजारी इनामदारांच्या तळहातावर ठेवलं. दोन्ही हुबेहूब सारखी.

"बुवा पायांचे लई चपळ, सरकार. पहाटं हिमालयात गेलं आन् न्याहारीला परत बी आलं."

इनामदार इतके हसले की थांबलेला खोकला पुन्हा उसळला. औषधासाठी त्यांनी हात पुढे केला, तो चांगुणाकडे.