सामंतकाकूंचं ताट

“काय कमी पडलं, ते विचारा ना यांना, महाराज! मला तर काही कळेनासं झालंय!”

निशिकांत दराडे मठाच्या ओसरीवर उभ्या उभ्याच कडाडला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं. त्या त्याने मागाहून काढल्या.

त्याच्या मागे सामंतकाकू अवघडून उभ्या होत्या. त्या वेंगुर्ल्याच्या. नवरा गेल्यावर मुलीने त्यांना इकडे, गावाबाहेरच्या नव्या इमारतीत आणलं होतं. आता येत्या रविवारी त्या कायमच्या परत निघाल्या होत्या, बंद घराचं कुलूप काढून एकटीने राहायला. मुलगी रडून रडून थकली होती.

निशिकांतला याचाच संताप आला होता. यावा असंच होतं म्हणा. गावात नव्याने राहायला आलेल्यांना आसपासचे कार्यक्रम कळावेत, तिथं जाता यावं, म्हणून त्याने ‘या, बसा’ नावाचं ॲप बनवलं होतं, तेही चांगली नोकरी सोडून. सामंतकाकू त्या ॲपवर आलेल्या पहिल्या बाई. जिथं तिथं तो त्यांचंच कौतुक सांगत फिरायचा. त्याच पाठ फिरवून निघाल्या, म्हणजे भर चौकात थोबाडीत बसल्यासारखं झालं.

मोहनगीर महाराज मुळे किसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठं कुठं गेलात, ताई?”

काकूंच्या आधी निशिकांतच बोलला.

“कुठं नाही गेल्या, ते विचारा! कोजागिरी, हळदीकुंकू, भजन, शाळेचं स्नेहसंमेलन, आपल्या मठाचा भंडारासुद्धा! दारात आमचा माणूस उभा. आल्या आल्या हातात फूल. पुढची खुर्ची राखलेली. ताट जागेवर. घरी सोडायला गाडी. यांना इकडची काडी तिकडे करावी लागली नाही, महाराज. मी ॲप बांधलंच तसं!”

“मी ताईंना विचारलं.”

काकूंनी पदर सारखा केला. “मान फार दिला हो सगळ्यांनी... खोटं कशाला बोलू?”

“मग?”

“मग... काही नाही.” त्या खाली बघत राहिल्या. “घरी आलं की वाटायचं, आपण तिथं नसतो गेलो, तरी काही अडलं नसतं.”

“ऐकलंत?” निशिकांतचा आवाज आणखी चढला. “याला काय म्हणायचं? आपण लोकांसाठी मरमर मरायचं, आणि लोकांनी...”

“जेवून जा,” महाराज म्हणाले.

“मला भूक नाही!”

“मी विचारलं नाही.”

मठातलं जेवण साधं होतं. आमटी, भाकरी आणि मुळ्याची कोशिंबीर. रीतही साधीच होती. जेवण झालं की ज्याने त्याने आपलं ताट मागच्या नळावर न्यायचं, राखेने घासायचं आणि फळीवर उपडं घालायचं. महाराजही घासत. एखादा आमदार टपकला, तर त्याचीही सुटका नसे. निशिकांत तर अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून इथं ताट घासत आला होता.

तो जेवला, पण सगळा राग भाकरीवर काढत जेवला.

काकूंचं जेवण आटोपलं. बाकीचे नळाकडे जाताना पाहून त्याही ताट घेऊन उठल्या.

“अहो काकू, हे काय!” निशिकांत ताडकन उभा राहिला. “द्या इकडे. तुम्ही कशाला? बसा तुम्ही, बसा!”

त्याने ताट जवळजवळ हिसकावूनच घेतलं. काकू पुन्हा खाली बसल्या. रिकामे हात त्यांनी मांडीवर ठेवले.

महाराज उठले. सावकाश चालत निशिकांतच्या पाटापाशी आले. वाकले. आणि त्याचं उष्टं ताट त्यांनी उचललं.

“महाराज! काय करताय?”

“असू द्या, दराडेसाहेब. आपण बसा.”

नळावरची भांडी वाजायची थांबली. गुरूने शिष्याचं उष्टं काढायचं, हे त्या मठात कुणी पाहिलं नव्हतं.

“साहेब?... मला म्हणताय?”

“आपण कशाला हात खराब करता? थांबा, खुर्ची मागवतो. फूल आणवू का?”

निशिकांतला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. पण महाराजांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आवाज खाली होता, तरी ते भयंकर रागावले होते. हे त्याला कळलं, आणि त्याचे कान तापले.

“द्या ते ताट!”

“नाही.”

“द्या म्हणतो ना!”

एका हातात काकूंचं ताट होतं. दुसऱ्या हाताने त्याने महाराजांच्या हातातल्या ताटाची कड धरली आणि ओढली. महाराज सोडेनात. तोही सोडेना. उरलीसुरली आमटी महाराजांच्या अंगावरच्या भगव्या छाटीवर सांडली, तरी दोघांपैकी एकाचीही पकड ढिली झाली नाही.

“काय चुकलं माझं, ते सांगा! शिव्या द्या, कान धरा, हाकलून द्या... पण हे नको! या अंगणात लहानाचा मोठा झालोय मी. ही ओसरी सारवलीय मी. इथल्या चुलीला लाकडं फोडलीत. मी काही पाहुणा नाही इथं!”

राग होताच. पण त्या रागाच्या खाली आता भीती होती. या माणसाने आपल्याला खरोखरच परकं करून टाकलं, तर?

महाराजांनी ताट सोडलं.

निशिकांत दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन धापा टाकत उभा राहिला...

महाराजांनी सामंतकाकूंकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. आणि इतका वेळ दाबून धरलेला त्यांचा आवाज एकदम फुटला.

“मग त्यांचं ताट दे त्यांच्या हातात! आणि राख कुठं असते, ते दाखव!”